वेळासच्या मुत्सद्द्याचा नकार

दिवाळी आली की आपल्याकडे अंगणाअंगणातून मातीचे किल्ले उभे राहतात. तळाशी बाजारपेठ, उतारावर अळीव पेरून उगवलेले हिरवे रान, बुरुजावर तोफा, दाराशी भालदार आणि सर्वांत वर सिंहासनावर शिवाजीमहाराज. मुलांची ही हौस पाहून कोणाही वडीलधाऱ्यास कौतुकच वाटावे. पण या किल्ल्यांवर एक माणूस कधीच आढळत नाही, आणि तो म्हणजे वकील. काळ्या डगल्यातला कोर्टाचा वकील नव्हे. शत्रूच्या गोटात खलित्याची थैली घेऊन जाणारा, तेथे दिवसचे दिवस तळ देऊन बसणारा आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परत येणारा राजकारणी वकील. बाजारात मावळे मिळतात, वाघ मिळतो, डोक्यावर घडा घेतलेली गवळण मिळते. वकील काही मिळत नाही.

मुलांचा यात दोष नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी तरी दुसरे काय केले आहे? लढाईचे वर्णन पानेच्या पाने चालते. लढाई चालू असता दोन्ही गोटांत जी बोलणी होत असतात, त्यांस मात्र जेमतेम परिच्छेद मिळतो. तहाची गोष्ट निघाली, समोरच्याने ती झिडकारली, पुन्हा रणवाद्ये वाजू लागली, की लेखक मोकळा. का झिडकारली, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. त्याऐवजी आपल्याजवळ दोन तयार शब्द आहेत. आपल्या माणसाने तह नाकारला तर तो बाणेदारपणा आणि शत्रूने नाकारला तर तो हट्ट. कृती एकच, नावे मात्र पक्ष पाहून ठरलेली. प्रस्तुत लेखाचा रोख या दोन शब्दांवर आहे.

या सवयीचे मूळ बहुधा कीर्तनात सापडावे. कृष्णशिष्टाईचे आख्यान ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. पाच गावांवर संतुष्ट होणारे पांडव, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीही न देणारा दुर्योधन. बुवांनी हे रंगवून सांगितले म्हणजे प्रश्न स्वभावाचा होऊन बसतो : दुर्योधन दुष्ट होता, म्हणून त्याने शिष्टाई फेटाळली. पण उद्योगपर्व स्वतः वाचणाऱ्याला व्यासांनी याहून पुष्कळ अधिक ठेवून दिलेले दिसेल. अर्ध्या राज्याचा धनी पाच गावांवर येतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात दया उपजतेच असे नाही; याची शक्ती संपली असावी, आणखी थोडे ताणले तर हेही सोडील, असाही हिशेब उपजतो. मागणी जितकी लहान, तितका मागणारा दुबळा वाटतो. आणि दुसरी गोष्ट कर्णाची. श्रीकृष्ण त्याला एकांतात भेटून जन्मरहस्य सांगतो, राज्याचे आमिष दाखवितो. कर्ण नाकारतो. त्याला युद्धाचा शेवट दिसत नाही असे नव्हे. पण ज्याने पडत्या काळात हात दिला त्याला सोडून केलेला समेट त्याला नको असतो. म्हणजे एकाच पर्वात दोन नकार आहेत आणि दोहोंची कारणे निरनिराळी आहेत. व्यासांनी केलेला हा भेद आपल्या इतिहासलेखकांनी मात्र क्वचितच सांभाळला आहे.

आता मराठ्यांच्या इतिहासातील एक नकार घेऊ, आणि त्यासाठी कोकणात उतरू. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते तेथे बाणकोटचा किल्ला, आणि त्याच्या जवळच समुद्रकाठी वेळास हे गाव. अलीकडे हे गाव कासवांच्या पिलांसाठी नावारूपाला आले आहे. पण त्याची जुनी ओळख नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव अशी आहे. नानांचा जन्म १७४२ सालचा, तोही साताऱ्याचा. त्यांचे सारे आयुष्य घाटावर गेले. तथापि आपल्या मूळ गावाच्या दारातला बाणकोट कोणाच्या हाती आहे, हे त्यांना माहीत नसणे शक्य नव्हते.

तो होता इंग्रजांच्या हाती, आणि तो त्यांच्या हाती कसा गेला हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांनी १७५५ साली मिळून मोहीम काढली. किल्ले घेतले जातील ते पेशव्यांचे, असा करार होता. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी विजयदुर्गाहून निघून पेशव्यांच्या छावणीत तहाचे बोलणे लावावयास गेला. इंग्रजांनी त्या बोलण्याचा निकाल लागू दिला नाही. त्यांनी तोफांचा मारा करून आंग्र्यांचे आरमार जाळले, किल्ला घेतला, आतली लूट आपसांत वाटून घेतली आणि करार बाजूला ठेवून किल्लाही दाबून ठेवला. अखेर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तह झाला आणि बाणकोट व आसपासची काही गावे घेऊन त्यांनी विजयदुर्ग सोडला. तह झाला असता तर लूट हातची जाती. तेव्हा तह होण्यापूर्वीच लढाई उरकून घेणे त्यांना सोयीचे होते. कित्येकदा तहाची बोलणी फिसकटतात ती अटी कडक असतात म्हणून नव्हे, तर तह झाल्यास ज्याचे नुकसान व्हावयाचे असा कोणी तरी तेथे तोफेशी उभा असतो म्हणून.

नानांकडे वळू. मराठी वाचकास नाना दोन ठिकाणी भेटतात. एक चरित्रांतून. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले, शिवाय पटवर्धनी दफ्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापून त्या काळाचा मोठाच दरवाजा उघडून दिला. हे नाना थोर मुत्सद्दी, राज्य सावरणारे. दुसरे नाना रंगभूमीवरचे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ आल्यापासून तर हेच अधिक लोकांच्या डोळ्यांसमोर असतात. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नाही असे सांगितले आहे, तेव्हा त्यांच्याशी तंटा करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती एवढीच की, चरित्रातले पूज्य नाना असोत की नाटकातले विलासी नाना असोत, दोघांपैकी कोणीही आपल्याला बोलण्याच्या बैठकीत बसलेले नीट दिसत नाहीत. वस्तुतः या माणसाचे खरे रणांगण तेच होते. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नानांना अर्धे धरीत, ते तलवारीचे गडी नव्हते म्हणून. अशा माणसाने लढाई लांबवली असेल, तर ती हौसेने खचित नव्हे.

पहिले इंग्रज-मराठा युद्ध पाहा. नारायणरावांचा खून १७७३ साली झाला. बारभाईंनी बाळ सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला, तेव्हा राघोबादादांनी १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह करून त्यांची फौज मागून घेतली. मुंबईकरांनी केलेला तह कलकत्तेकरांनी अमान्य केला. त्यांचा वकील कर्नल अप्टन आला आणि १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला. तो मग मुंबईकरांनी पाळला नाही. दादांना आपल्याजवळ ठेवून घेतले. पुढे मुंबईची फौज दादांना घेऊन घाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये ती तळेगावास पोहोचली, तेव्हा गाव मराठ्यांनीच जाळून ओस केलेला होता. माघार घेताना वडगावास ती कोंडली गेली आणि करार लिहून देऊन सुटली. दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले. फौज सुखरूप मुंबईस पोहोचली, आणि तो करारही इंग्रजांनी नाकारला.

चार वर्षांत तीन करार, आणि तिन्ही इंग्रजांपैकीच कोणी ना कोणी मोडलेले. आपण एखाद्या सावकाराशी व्यवहार करतो. थोरल्या भावाने लिहून दिलेले धाकटा मानीत नाही आणि धाकट्याने दिलेले थोरला. अशा पेढीचा चौथा कागद पुढे आला, तर आपण त्यावर मुकाट्याने सही करू काय?

हा चौथा कागद घेऊन कर्नल गॉडर्ड आला. १७७९ साली त्याच्याशी जी बोलणी झाली, त्यांत नानांनी दोन गोष्टी आधी मागितल्या : साष्टी परत द्या आणि दादांना आमच्या स्वाधीन करा. या वेळी नाकारले ते गॉडर्डने. एकाच युद्धात नकार दोन्ही बाजूंनी होतात, ही साधी गोष्टही आपल्या लेखनात हरवते. मग १७८० च्या डिसेंबरात वसई पडली. १७८१ च्या फेब्रुवारीत गॉडर्ड बोरघाट काबीज करून खंडाळ्यावर बसला. पुणे तेथून काही मजलांवर. अशा वेळी त्याने तहाचे बोलणे लावले. आणि अर्ध्या शहाण्याने उत्तर दिले की, हैदर अल्लीला वगळून तह होणार नाही.

हा नकार बाणेदार खरा; पण बाणेदारपणा हे त्याचे कारण नव्हे. कारणे मला तीन दिसतात.

पहिले कारण शब्दाच्या पतीचे, ते वर आलेच. दुसरे मित्राचे. १७८० साली नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना जोडून इंग्रजांविरुद्ध चौकट उभी केली होती. पैकी खरा लढत होता तो हैदर. त्याने सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला बेलीची फौज बुडवली होती. इंग्रजांना पुण्याशी तह हवा होता तो मुख्यतः मद्रासेकडे हात मोकळे करण्यासाठी. हैदरास सोडून केलेला तह म्हणजे मित्रास बुडवणे तर होतेच, शिवाय तो बुडाल्यावर आपली पाळी येण्याची वाट पाहणेही होते. कर्णाचा नकार आणि धूर्ताचा हिशेब येथे एकाच वाक्यात मिळालेले आहेत.

तिसरे कारण घरचे, आणि ते सांगताना आपले चरित्रकार थोडे संकोचतात. दादा पुन्हा पुण्यास आले असते, तर बाळ पेशवे आणि त्यांचा कारभारी या दोघांचेही भवितव्य संपले असते. राज्याचे हित आणि नानांचे स्वतःचे हित येथे एकजीव झाले होते. युद्ध चालविणाऱ्यास तहाचा कागद पुढे आला म्हणजे राज्याला काय मिळते याबरोबरच तहानंतर माझे काय होते हेही पाहावे लागते. हे मान्य केल्याने नाना लहान होत नाहीत. उलट हे झाकून ठेवले, तर पुढे कोणा राज्यकर्त्याने केवळ स्वतःची गादी टिकविण्यासाठी युद्ध लांबविले, ते ओळखण्याचे साधनच आपण गमावून बसतो.

येथे पानिपताची आठवण होणे साहजिक आहे. नाना त्या छावणीत होते. वय एकोणिसाच्या आत. आई त्या धुमाळीत हरवली ती कायमची. भाऊसाहेबांनी अखेरच्या दिवसांत सुजाउद्दौल्याच्या मार्फत समेटाची खटपट केली होती. अब्दालीचा वजीर अनुकूल होता, पण नजीबखानाने बोलणे जमू दिले नाही. धान्य संपलेल्या फौजेने मागितलेला तह, तो देण्याची घाई नजीबास का असावी? तहाची मागणी ही नुसती मागणी नसते. ती आपल्या परिस्थितीची बातमीही असते. अडचणीत मागितलेल्या तहाचे काय होते, याचा धडा या तरुणाने फार महाग किमतीला घेतला होता. वीस वर्षांनी घाटावर बसलेला गॉडर्ड तह मागू लागला, तेव्हा त्या मागणीमागे मद्रासची अडचण आहे, हे नानांनी ओळखले यात नवल नाही. एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्डला घाट उतरून परतावे लागले, आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी त्या वाटेत त्याची साडेचारशेहून अधिक माणसे मारली किंवा जखमी केली.

येथवर वाचून, नानांचा नकार म्हणजे शहाणपणाचा पुतळा, असा वाचकांचा ग्रह होईल. टीकाकाराचे काम तेवढ्याने संपत नाही. नफातोटा मांडून पाहिला पाहिजे. अखेर तह झाला तो सालबाईचा, १७ मे १७८२ रोजी, महादजी शिंद्यांच्या हातून. त्यात वसई आणि पुरंदरच्या तहानंतर गेलेला मुलूख परत आला. पण यातले पुष्कळसे युद्ध लांबल्यामुळेच गेलेले होते. साष्टी, जिच्यासाठी १७७९ साली बोलणे मोडले, ती इंग्रजांकडेच राहिली. दादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक देऊन राजकारणातून दूर करण्यात आले. ते १७८३ च्या अखेरीस वारले. म्हणजे दोन मागण्यांपैकी एक पदरात पडली, एक सुटली. जमिनीच्या हिशेबाने पाहिले तर तीन वर्षांच्या युद्धाची ही कमाई तुटपुंजीच म्हटली पाहिजे.

मग मिळाले काय? माझ्या मते मिळाला तो जामीन. सालबाईच्या तहात महादजी दोन्ही पक्षांचे हमीदार झाले, आणि इंग्रजांच्या बाजूने बोलणारे तोंड आता एकच होते, ते कलकत्त्याचे. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने फाडावे ही सोय संपली. सुरत, पुरंदर आणि वडगाव येथे जे नव्हते ते सालबाईला होते, आणि म्हणूनच इंग्रज आणि मराठे यांच्यात पुढे वीस वर्षे युद्ध झाले नाही. नाना-महादजींच्या चुरशीच्या गोष्टी आपण चवीने वाचतो. पण नानांच्या नकाराने जे ताणले ते महादजींच्या हमीने बांधले, ही जोडकामाची बाजू त्या चवीत हरवून जाते.

या तहावर नानांनी लगेच मान्यता दिली नाही, हेही सांगितले पाहिजे. ती दिली २० डिसेंबर १७८२ रोजी, म्हणजे हैदर वारल्यावर पंधरवडा उलटण्यापूर्वी. ग्रँट डफपासून या विलंबाकडे डावपेच म्हणून पाहिले गेले आहे, आणि डावपेच त्यात होताच. पण ज्या मित्राचे कारण सांगून गॉडर्डला परत लावले, तो जिवंत असेतो सही झाली नाही, हेही तितकेच खरे. शब्द पाळणे आणि भाव वाढवणे या दोहोंत नेहमी भिंत असतेच असे नाही.

प्रत्येक नकाराला असा शेवट लाभत नाही. इराण आणि इराक यांचे उदाहरण आपल्या आठवणीतले आहे. इराकने १९८० साली चढाई केली. मे १९८२ मध्ये इराणने खोर्रमशहर परत घेतले, आणि इराक लढाई थांबवण्यास तयार झाला. आक्रमण झालेल्या देशाने तेथे थांबण्यास हरकत नव्हती. पण इराणच्या नेत्यांनी सद्दामच पदावरून गेला पाहिजे अशी अट धरली. युद्ध आणखी सहा वर्षे चालले, लाखो माणसे मेली, आणि १९८८ साली लढाई थांबली तेव्हा सीमा जवळजवळ जेथल्या तेथे होती, सद्दामही जेथल्या तेथे. उलट कोरियात जुलै १९५१ मध्ये सुरू झालेली बोलणी दोन वर्षे रखडली ती मुख्यतः युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. आणि जी गाठ सुटली ती त्रयस्थांच्या मध्यस्थीने, ज्यांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताच्या जनरल थिमय्यांकडे आले. येथेही प्रश्न जामिनाचाच होता.

यावरून नकाराची कसोटी काढता येते. ज्या नकाराच्या पोटात होकाराची अट लिहिलेली असते, आणि ती अट समोरच्याला पुरी करता येण्याजोगी असते, तो राजकारणातला नकार होय. नानांच्या अटी कडक होत्या, पण त्या मोजता येत होत्या : अमुक बेट, अमुक माणूस, अमुक मित्र. यांपैकी एक मिळाले, एक सोडले, एक दैवाने सुटले, आणि सही झाली. शत्रूने नाहीसे व्हावे, हीच ज्या नकाराची अट असते, तो कधी संपत नाही. त्याला बाणेदारपणा म्हणा की हट्ट म्हणा.

आणि या साऱ्या हिशेबात एक रकाना आमच्या सर्वच लेखकांनी कोरा सोडला आहे. तळेगाव जाळले ते शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून. युक्ती नामी होती आणि ती फळालाही आली. पण त्या थंडीच्या दिवसांत तळेगावकर कोठे गेले? कोकणात फौजा दोनदोन वर्षे वर-खाली होत असता घाटाखालच्या कुळांनी भात कापले काय? नानांच्या नकाराची किंमत नानांनी दिली नाही, गॉडर्डनेही पुरती दिली नाही. ती ज्यांनी दिली त्यांची पत्रे दफ्तरांत फारशी नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख नाही, ही सबब इतिहासकारास एक वेळ चालेल. कादंबरीकारास आणि नाटककारास ती चालू नये. जेथे कागद संपतो तेथेच त्यांचे काम सुरू होते.

आजही रोजच्या वर्तमानपत्रात अमक्या राष्ट्राने युद्धबंदीची सूचना फेटाळली अशी बातमी येते, आणि घरात फराळाच्या ताटावर तिची चर्चा होते. त्या वेळी हट्टी कोण आणि बाणेदार कोण, असा कौल घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. पूर्वीचे कागद कोणी फाडले? या वेळी जामीन कोण? आणि नकार देणारा माणूस लढाई थांबल्यावर आपल्या खुर्चीवर राहणार आहे की नाही? उत्तरे मिळाली म्हणजे युद्ध थांबेल असे नव्हे. पण ते का थांबत नाही हे कळेल, आणि मराठीत त्यावर एखादी खरी कादंबरी लिहिली जाण्यास तेवढे पुरे आहे. तिचा नायक घोड्यावर नसेल. तो खंडाळ्याच्या पायवाटेने थैली घेऊन चाललेला असेल, आणि वर त्याला काय उत्तर मिळणार आहे, हे त्याला अजून ठाऊक नसेल.